आत्याच्या अटी आणि पडद्यावरचं टिंब

कॉम्प्युटरवर डीबेस सुरू केला की सगळा पडदा काळा व्हायचा आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एक टिंब उमटायचं. नुसतं टिंब. शेजारी एक बारकीशी रेघ लुकलुकत राहायची, म्हणजे बोला, काय पाहिजे. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, उंदीर नाही. तुम्ही एक वाक्य लिहायचं आणि त्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. पटलं नाही तर वाक्य जरा बदलून पुन्हा विचारायचं. माझी साठी जवळ आली. डीबेस ही कॉम्प्युटरची एक भाषा, तिच्यावर मी पुष्कळ वर्षं पोट भरलं, मग ती भाषा गेली, तिच्यानंतरच्या दोनचार आल्या आणि गेल्या. पण डोळे मिटले की मला अजून ते टिंब दिसतं आणि त्याच्यासोबत कुमुदआत्याच्या समोरच्या खोलीतला पोह्यांच्या फोडणीचा वास येतो. दोन्ही गोष्टी माझ्या आयुष्यात एकदमच आल्या, त्यामुळे मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

मी नागपूरजवळच्या मौद्याची. तेव्हा तिथे विजेचा एवढा मोठा कारखाना नव्हता, उलट वीज गेली की कधी येईल त्याचा नेम नसायचा. बाबांची शेती होती, बरी चालायची. बी.एस्सी.ला नागपुरात प्रवेश मिळाला तसं बाबांनी मला त्यांच्या बहिणीकडे, रामदासपेठेत, एक ट्रंक आणि तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन आणून सोडलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. आतोबा वीजखात्यातून निवृत्त झालेले, बुटके, गोरे, अतिशय कमी बोलणारे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ कूलरमध्ये पाइपाने पाणी भरणं आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवणं हा त्यांचा दिनक्रम होता. घरातलं बाकी सगळं बोलणं आत्या करायची. बोलणं हा तिचा व्यवसायच होता म्हणा ना, कारण समोरच्या खोलीत ती आमच्या समाजाचं वधूवर सूचक केंद्र चालवायची.

ती खोली मला पाठ आहे. भिंतीला लागून सहा लोखंडी खुर्च्या, मधे टीपॉय, त्यावर आतोबांच्या खात्याने निरोपाला दिलेलं घड्याळ. समोरच्या भिंतीवर आत्या-आतोबांचा लग्नातला फोटो: आत्या खुर्चीवर बसलेली, आतोबा शेजारी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. कपाटात बुटांचे रिकामे खोके, आणि खोक्यांत एकेका मुलाचं, एकेका मुलीचं कार्ड. मुलांचे खोके वर, मुलींचे खाली. सकाळी दहापासून माणसं यायला लागायची. मुलींच्या आया येताना चपला अगदी नीट जोडून काढायच्या आणि मुलांच्या आया कुठेही काढायच्या; आतोबा म्हणायचे, मला आत न जाता कळतं आज कोण आलंय. खोलीत कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास, कपबशांचा आवाज, आणि मधूनमधून आत्याचं ठरलेलं वाक्य: “पाहू नं बाप्पा, कोणी ना कोणी निघतेच.” हे वाक्य ऐकून गेलेली बाई जिना उतरताना जरा हलक्या पावलांनी उतरायची. आत्याच्या पोह्यांवर तर्री असायची, म्हणजे वरून ओतलेला हरभऱ्यांचा जहाल रस्सा, आणि तो खाताना पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर ते तिखटाचं की कशाचं हे कोणी विचारायचं नाही.

कॉलेज अकरापर्यंत आटपायचं. पुढची दुपार आत्याच्या पोह्यांत जाऊ नये म्हणून बाबांनी मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिथे दारातच चपला काढाव्या लागत. धुळीने मशीन बिघडतं असं सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, पण आम्ही सगळे अनवाणी, देवघरात शिरल्यासारखे शिरायचो. आत थंडगार. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या थंडाव्यासाठीसुद्धा पुष्कळ मुलं फी भरत असावीत. तिथे शिकवायला वसुधाताई होती. गणितात एम.एस्सी., तिशीची, आणि उंच. इतकी उंच की बाजारातली कुठलीही साडी तिच्या घोट्याच्या चार बोटं वरच थांबायची. वर्गात शिरताना ती दाराच्या चौकटीखाली सवयीने मान झुकवायची, चौकट उंच असली तरी.

तिने आम्हाला आधी डीबेस शिकवला आणि त्याच्यासोबत त्याची कुळकथा. ती सांगायची की ही भाषा अमेरिकेत कुठल्याशा अवकाश प्रयोगशाळेतल्या एका माणसाने घरी बसून लिहायला घेतली, ती कशासाठी, तर ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजा जिंकायला. कुठला संघ कुणाशी कसा खेळला याच्या नोंदी ठेवून त्यांना प्रश्न विचारता यावेत म्हणून. पैजांचं काय झालं माहीत नाही, पण दुकानदारांना, दवाखान्यांना, शाळांना ती भाषा लागली. आणि ती बाजारात आली तेव्हा तिचं नावच डीबेस दोन. एक नंबरचा डीबेस कधी नव्हताच. पहिलंवहिलं म्हटलं तर लोक बिचकतील, म्हणून थेट दोन. मी घरी येऊन हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तिकडेही वय बदलून सांगतात तर.

मग आलं क्लिपर. डीबेसमध्ये तुमचं प्रत्येक वाक्य वाचून, तिथल्या तिथे समजून, मशीनला सांगणारा एक दुभाष्या बसलेला असतो, असं वसुधाताई समजावायची. दुभाष्या आहे म्हणून तुम्ही मधेच थांबू शकता, शब्द फिरवू शकता, त्याच्याशी हुज्जत घालू शकता. पण तो संथ, आणि जिथे जाल तिथे त्याला सोबत न्यावं लागतं. क्लिपर हा कंपायलर. तो तुमचा सगळा मजकूर एका बैठकीत वाचतो, मशीनच्या भाषेत उतरवतो आणि निघून जातो. मागे उरतो तो बंद प्रोग्राम. कुठल्याही साध्या मशीनवर घाला, धावतो, पण त्याच्या आत काय लिहिलंय ते कोणाला दिसत नाही आणि बदलता येत नाही. क्लिपर म्हणजे पूर्वी समुद्रावर वेगाने धावणारं शिडाचं जहाज, असंही तिने सांगितलं. अंबाझरी तलावापलीकडे पाणी न पाहिलेले आम्ही, आम्हाला ते नाव फार आवडलं. त्याच्या आवृत्त्यांना ऋतूंची नावं असत आणि आमच्याकडे होती ती ‘समर एटी-सेव्हन’. नागपुरात उन्हाळ्याच्या नावावर कोणी काही खपवेल ही कल्पनाच गमतीची होती. मजकूर कंपाइल व्हायला आणि मग त्याची जोडणी व्हायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात खाली जाऊन चहा पिऊन येता यायचं. आज माझा मुलगा माझ्या खिशातल्या फोनची त्या मशीनशी तुलना करून हसतो. हसू दे. त्या वाट पाहण्यात जी गोडी होती ती त्याला कशी कळणार?

वसुधाताईचं कार्डही आत्याच्या कपाटात होतं, आणि ते बऱ्याच वर्षांपासून होतं. तिची आई, नलिनीकाकू, दर महिन्याला यायच्या. येताना सांबारवडीचा डबा आणायच्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या वड्यांत ती इतकी असायची की वडी मोडली की हिरवीगार. डबा टीपॉयवर ठेवून त्या शेवटच्या खुर्चीवर बसायच्या. आत्या कार्ड काढायची, दोन नावं सांगायची, एखादा फोन नंबर द्यायची. त्यातलं काही जमायचं नाही. मुलापेक्षा मुलगी उंच, किंवा मुलगा बी.कॉम. आणि मुलगी एम.एस्सी., किंवा मुलगा तिच्याहून वर्षाने लहान. पण दोन नावं घेऊन गेलेल्या नलिनीकाकूंना पुढचा महिना काढायला ती दोन नावं पुरायची. वसुधाताई स्वतः कधी आली नाही, आणि क्लासमध्ये आम्ही दोघींनी या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. मला तिच्याविषयी माया वाटायची आणि थोडी भीतीही.

त्या वर्षी समाजाचा परिचय मेळावा आत्याच्या अंगावर आला. मुलं-मुली, त्यांचे आईबाप, सगळ्यांना एका मंगल कार्यालयात बोलवायचं, एकेकाचा नंबर पुकारायचा, ओळख करून द्यायची. दुसऱ्या एका केंद्राने म्हणे मेळाव्यात कॉम्प्युटर ठेवला होता आणि लोक त्याचंच कौतुक करून राहिले होते. हे कानावर आल्यापासून आत्याला चैन नव्हतं. माझ्या क्लासच्या मालकांनी मेळाव्याच्या स्मरणिकेत जाहिरात छापण्याच्या बोलीवर एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर महिनाभरासाठी घरी पाठवला. त्याला हार्ड डिस्क नव्हती, दोन फ्लॉप्यांवर चालायचा. समोरच्या खोलीत कूलरपासून दूर त्याची स्थापना झाली. आत्याने हळदीकुंकू वाहिलं आणि आतोबांनी पहिल्यांदाच कोडं बाजूला ठेवून खुर्ची ओढली.

पंधरा दिवस मी खोक्यांतली कार्डं भरत होते. नाव, गोत्र, जन्म, उंची, शिक्षण, नोकरी, आणि शेवटी एक रकाना अपेक्षांचा. मराठी अक्षरं त्या मशीनला ठाऊक नव्हती, म्हणून मराठी शब्दसुद्धा इंग्रजी मोठ्या अक्षरांत. मुलांच्या अपेक्षांच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, ‘होमली’, म्हणजे घरातच रमणारी. एकाने लिहिलं म्हणून दुसऱ्याने लिहिलेला, काही ठिकाणी मुलाच्या आईच्या अक्षरात. भरता भरता मी टिंबावर प्रश्न विचारून आत्याला दाखवायची. ‘लिस्ट फॉर’ म्हटलं की या या अटीवर दाखव. आत्याला ते फार आवडायचं. चष्मा नाकावर सरकवून ती माझ्या मागे उभी राहायची. बरं आता डॉक्टर दाखव, म्हणायची. मग, नाही बाप्पा, हे सगळे डोक्यावर बसतील, मास्तर दाखव. कधी म्हणायची, उंचीत एक इंच सोडून दे, तो पोरगा चांगला आहे. मी सोडून द्यायची, आणि टिंब मुकाट्याने नवीन नावं दाखवायचं. त्या टिंबाचं आणि आत्याचं चांगलं जमलं होतं.

पण मेळाव्यात असं उभ्याउभ्या विचारत बसायला वेळ नव्हता. नंबर दाबला की त्या उमेदवाराला जुळणाऱ्या सगळ्या स्थळांची चिठ्ठी छापून यावी, असा प्रोग्राम हवा होता, म्हणजे क्लिपरचा. मी वही घेऊन आत्यासमोर बसले आणि म्हटलं, जुळणं म्हणजे काय ते पक्कं सांग. आत्याने घसा साफ केला आणि शाळेतल्या पाढ्यासारखं सांगितलं: गोत्र एक नको. मुलगी वयाने लहान हवी. उंचीने कमी हवी. शिक्षणाने बरोबरीची नाहीतर कमी हवी. दर दिवशी खुर्च्यांवर बसलेली माणसं जे म्हणायची तेच. मी तसंच्या तसं लिहून घेतलं, आणि आम्हा दोघींनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

क्लासमध्ये कंपाइल करण्याआधी वसुधाताईने माझा मजकूर वाचला. पेन्सिल हातात घेऊन एकेक ओळ. अटींच्या ओळीपाशी ती थांबली. वय, उंची, शिक्षण, तिन्ही ठिकाणी लहान-मोठ्याच्या खुणा. पेन्सिलचं टोक तिथे थोडा वेळ टेकलेलं मला आठवतं. मग ती म्हणाली की ठीक आहे, खुणा बरोबर आहेत, चालव. आम्ही खाली जाऊन चहा पिऊन आलो, तोवर जोडणी झाली होती आणि एकही चूक निघाली नव्हती. प्रोग्रामची फ्लॉपी तिने स्वतः माझ्या पिशवीत ठेवली. सोबत डीबेसचीही फ्लॉपी असू दे, म्हणाली.

मेळाव्याच्या दिवशी मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. गोळाभात आणि कढीचा वास सगळीकडे दरवळत होता. व्यासपीठाच्या कोपऱ्यात टेबलावर मी, मशीन आणि प्रिंटर. शेजारी आत्या हातात माइक घेऊन नंबर पुकारत होती. मुलगा किंवा मुलगी पुढे येऊन नाव सांगायची, मी नंबर दाबायची, प्रिंटर किरकिर करत चिठ्ठी सोडायचा, आणि लोक खरोखर टाळ्या वाजवायचे. आत्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. मुलांच्या चिठ्ठ्या लांबलचक निघत होत्या. एका बारावी झालेल्या ठेंगण्या मुलीची तर एवढी लांब निघाली की तिच्या वडिलांनी ती उपरण्यासारखी खांद्यावर घेतली.

मग एका इंजिनियर मुलीची चिठ्ठी कोरी निघाली. खाली एकच ओळ, अनुरूप स्थळ नाही. मला वाटलं प्रिंटर अडकला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पुढे एक डॉक्टर मुलगी होती, तिची कोरी. कॉलेजात शिकवणारी, तिची कोरी. जेवढी मुलगी जास्त शिकलेली, जेवढी लग्नाची थांबलेली, तेवढी चिठ्ठी आखूड. सभागृहातली कुजबूज मला ऐकू यायला लागली होती. आत्या माइकवर हात ठेवून मला हळूच म्हणाली की अशी कशी येऊन राहिली, आणि मी सांगितलं की तू सांगितलं तसंच येऊन राहिलं आहे. तेवढ्यात पुढचा नंबर नलिनीकाकूंनी स्वतःच आणून माझ्यासमोर धरला. वसुधाताई भिंतीपाशी उभी होती, हाताची घडी घालून. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे दाब.

नलिनीकाकूंनी चिठ्ठीवरची ती एकच ओळ वाचली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली. रडल्या नाहीत. आत्याला म्हणाल्या, “कुमुदताई, इतकी वर्षं तुम्ही मन राखलं माझं. आता मशीनच सांगून राहिली. हिचं नाव काढून टाका.”

 एवढ्या वर्षांत आत्याने कुठल्याही आईला ‘नाही’ असं म्हटलं नव्हतं. तेच तिच्या केंद्राच्या नावाने, छापील अक्षरांत, तिच्याच हाताने दिलं गेलं होतं. तिने मला ते बदल म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बदलता येत नाही. मजकूर क्लासमध्ये आहे, क्लिपर तिथे आहे, इथे फक्त बंद प्रोग्राम. नाव काढायची आज्ञा मलाच पाळायची होती आणि ज्या बाईने मला हे सगळं शिकवलं तिचंच नाव होतं ते.

वसुधाताई भिंतीपासून निघून टेबलापाशी आली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती म्हणाली, “आत्याबाई, प्रोग्राम बरोबर आहे. मी तपासला आहे. मला तेव्हाच दिसलं होतं माझी चिठ्ठी कोरी येणार ते. मी मुद्दाम बोलले नाही. मला पाहायचं होतं, एवढ्या लोकांत कोणी तरी म्हणतं का, की हे असं नसतं.”

एवढं म्हणून तिने माझ्या पिशवीतून डीबेसची फ्लॉपी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी ती घातली. पडदा काळा झाला, कोपऱ्यात टिंब आलं, आणि शेजारची रेघ लुकलुकायला लागली. आत्या पदराने कपाळ पुसून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, घरी बसायची तशी. दोन तास ज्याच्यावरून ती नंबर पुकारत होती तो माइक तिच्या मांडीवर होता आणि तो चालू होता, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

“शुभे, उंचीची अट काढ पहिले,” आत्या म्हणाली आणि ते सगळ्या सभागृहाला ऐकू आलं. “नवऱ्याची उंची पाहून कोणी संसार करते का वं? मी तुझ्या आतोबांपेक्षा चांगली दोन बोटं उंच आहो. फोटोत म्हणून बसवलं मले. जलमभर बसूनच आहो मी फोटोत.”

पहिल्या रांगेत आतोबा बसले होते. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मला रोज दिसत होतं की आत्या त्यांच्याहून उंच आहे, आणि रोज भिंतीवरचा तो फोटोही दिसत होता, पण दोन्हींचा संबंध मी कधी लावला नव्हता. आतोबा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता निघून जातात. त्यांनी फक्त आपला कोट ओढून सरळ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “दोन नाही, तीन बोटं.” आणि खाली बसले. हशा पिकला तेव्हा कुठे आत्याला माइकचं समजलं. पण ती आत्याच. तिने तो बंद केला नाही, उलट तोंडापाशी धरला.

मग ती एकेक अट सांगत गेली आणि मी टिंबापुढे लिहीत गेले. शिक्षणाची काढ, बायको जास्त शिकली तर पोरं हुशार निघतात, तोट्यात कोण आहे. वयाची दोन वर्षं इकडेतिकडे सोड. गोत्र मात्र राहू दे, त्याच्यावर आज भांडण नको. प्रत्येक अट गळाली की पडद्यावर नावं वाढत होती. ज्या अटी तिने मला पाढ्यासारख्या सांगितल्या होत्या त्या ती स्वतः एवढी वर्षं कार्डं जुळवताना कधीच पाळत नव्हती. हळूच वाकवायची, आणि वाकवली हे कोणाला कळू द्यायची नाही. मशीनला तिने लोकांसमोर बोलायची गोष्ट सांगितली होती, करायची नाही. पुढे आयुष्यभर मी कारखान्यांत, बँकांत जाऊन लोकांचे नियम लिहून घेतले, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी मला असाच पाढा ऐकायला मिळाला. मी वही मिटून विचारायची, बरं, आणि खरं काय करता? ही अक्कल मला त्या दुपारी आली.

नावं पडद्यावरून सरकून गेली तशी वसुधाताई वाकली आणि म्हणाली, “आता माझी एक अट घाल. ज्यांनी ‘होमली’ लिहिलेलं नाही, तेवढेच दाखव.” तिने की-बोर्ड स्वतःकडे ओढला आणि वाक्य स्वतःच लिहिलं. बायकांच्या बाजूने कोणीतरी हसलं, मग बऱ्याच जणी हसल्या. भराभर कमी होत नावं चारवर आली. त्यातलं एक होतं श्रीधर नावाच्या बी.कॉम. मुलाचं, कळमन्याच्या धान्यबाजारात एका आडतीत हिशेब लिहायचा. तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि उंचीने बराच कमी. अपेक्षांच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, भेटल्यावर ठरवू. ते कार्ड मीच भरलं होतं आणि भरताना मला तो मुलगा आळशी वाटला होता. वसुधाताईने ती ओळ दोनदा वाचली. मग आईला म्हणाली की नाव राहू दे. नलिनीकाकूंनी पर्समधली घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकली. त्यांच्यामागे इंजिनियर मुलीची आई उभी होती. ती म्हणाली, आमच्याही अटी काढा. बघता बघता रांग लागली. गोळाभात थंड झाला, आचारी दोनदा येऊन गेला, आणि आम्ही टिंबाला विचारत राहिलो.

क्लिपरचं राज्य पुढे काही वर्षं चाललं. मग विंडोजच्या खिडक्यांचे रंगीत पडदे आले आणि काळ्या पडद्याची माणसांना लाज वाटायला लागली. तरी इतवारीतल्या एका औषधाच्या ठोक दुकानात परवापरवाच मी तो चालू पाहिला. मालक म्हणाला, मॅडम, हे बंद पडतच नाही तर बदलू कायले?  माझ्या कपाटात त्या मेळाव्याच्या दोन्ही फ्लॉप्या आहेत, त्या वाचेल असं मशीन मात्र आता घरात नाही. भाचीच्या फोनवर लग्न जुळवणारं काहीतरी असतं, त्यात उंचीची पट्टी बोटाने सरकवता येते. ती सरकवताना पाहिलं की मला शेजारी आत्या हवी असं वाटतं.

वसुधाताईचं लग्न पुढच्या हिवाळ्यात झालं, श्रीधरशी. भेटल्यावर ठरवलं त्यांनी, भेटायला मात्र पुष्कळदा भेटले. कार्यालय तेच होतं. अक्षता पडल्या, पंगती बसायच्या होत्या, आणि जोडीचा फोटो काढायला फोटोग्राफरने दोघांना पडद्यापुढे उभं केलं. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं, जरा घुटमळला, आणि धंद्याच्या सवयीने कोपऱ्यातली एक खुर्ची उचलून आणली. नवरीला म्हणाला, ताई, तुम्ही बसून घ्या. वसुधाताईने खुर्चीकडे पाहिलं. श्रीधरने तिच्याकडे पाहिलं. नलिनीकाकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.  तेव्हा आत्या बायकांच्या घोळक्यातून पुढे आली, तिने ती खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, चौकटीच्या बाहेर पार भिंतीपाशी नेऊन ठेवली, आणि परत कोणी मागू नये म्हणून स्वतः तिच्यावर बसली.

“काढ आता,” ती फोटोग्राफरला म्हणाली. “बसायचं काम माझ्याकडे आहे.”